बाहेरचा मजूर आणि गांवची मजुरी

(शहापूर, जि. भंडारा येथें गांवकरी मंडळीपुढें एका शाळामास्तरांनीं दिलेलें व्याख्यान)



येत्या ग्रामसभेंत एक ठराव यावयाचा आहे हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. वीटभट्टीवर, राईसमिलमध्यें आणि रोवणीच्या कामावर परप्रांतांतला मजूर गांवांत येऊं देऊं नये, असा तो ठराव. पानठेल्यावर, दळणाच्या गिरणीवर, नळावर सध्यां हाच विषय. एकजण म्हणतो, "छत्तीसगडचे आले आणि आमची मजुरी बुडाली." दुसरा म्हणतो, "ते नसते तर माझी रोवणी पोळ्यापर्यंत लांबली असती." दोघेही खरें बोलतात. पहिला मजूर आहे आणि दुसरा पांच एकरांचा शेतकरी आहे, आणि पुष्कळ घरांत हे दोघे सख्खे भाऊ आहेत.

मी शाळामास्तर. ट्रेनिंग कॉलेजांत आम्हांस बेरीज-वजाबाकी कशी शिकवावी हें शिकविलें, अर्थशास्त्र शिकविलें नाहीं. तेव्हां मी आज बेरीज-वजाबाकीच करणार आहें. बाहेरून माणूस येतो तो काय घेऊन येतो? काय घेऊन जातो? आणि मधली शिल्लक कोणाच्या घरीं राहते? पहिले दोन प्रश्न सगळे विचारतात. तिसरा विचारला कीं सभेंत कुजबूज सुरू होते; पण आजचें भांडण त्या तिसऱ्याचेंच आहे.

आधीं आपल्याच मुलखाकडे पाहूं. भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून आपण मिरवितों. हे तलाव कोणीं बांधले? कोहळी लोकांनीं. आणि कोहळी कोठले? त्यांच्यांतच अशी परंपरा सांगतात कीं, चांद्याचा एक गोंड राजा काशीस गेला होता, त्यानें येतांना ह्या लोकांस आपल्या बरोबर आणिलें. ही कथा अक्षरशः खरी धरा अगर न धरा; पण ते बाहेरून आले आणि पाण्याची विद्या घेऊन आले, एवढें त्यांचें काम पाहिलें म्हणजे पटतें. नवेगांवचा बांध पाहा. जुन्या ग्याझेटियरांत त्याचा घेर सतरा मैल लिहिला आहे, आणि अठराव्या शतकाच्या आरंभीं तो कोलू पाटील कोहळ्यानें बांधला असें नमूद आहे. लोकांनीं पुढें त्या पाटलाचा कोलासूर देव केला. परदेशी माणसाचा देव करणारे हे आपलेच पूर्वज.

ह्या तलावांनीं काय केलें तें शेतकऱ्यास फोड करून सांगावयास नको, तरी लहान मुलें बसलीं आहेत म्हणून सांगतों. दोन टेकड्यांमधला नाला मातीची पाळ घालून अडवावयाचा, पाटानें पाणी खालच्या बांध्यांत सोडावयाचें. पाऊस ऐन भाद्रपदांत दडी मारतो तेव्हां आवत्या घातलेला धान उभा करपतो. तलावाखालचा रोवलेला धान तग धरतो. पाण्याची खात्री झाली म्हणजे ऊंस लागतो, ऊंस आला कीं गूळ येतो, गुळाबरोबर घाणा, कढई, गाडी, आणि म्हणून सुतार, लोहार व कुंभार येतो. एका पाळीनें किती घरांच्या चुली पेटल्या! गोंड राजांनाही ही गोष्ट पुरती कळली होती. चांद्याकडे जो तलाव बांधील त्यास त्या पाण्यानें भिजेल तेवढी जमीन 'तुकूम' म्हणून देण्याची चाल होती, असें लूसी स्मिथ साहेबाच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालांत आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे आजही गांवांच्या नांवांत तुकूम शब्द आढळतो. राजा परक्याला म्हणत होता, "ये, पण कांहीं करून दाखव, मग घे."

पोवार मंडळींचीही गोष्ट अशीच. माळव्याकडून नगरधन, तेथून आंबागड-चांदपूर, मग वैनगंगेचें खोरें. भोसल्यांच्या कटकच्या स्वारींत मदत केली म्हणून त्यांस जमिनी मिळाल्या असें सांगतात. धानाच्या शेतींत त्यांचा हात कोण धरील? मी आतां प्रत्येक जातीची वंशावळ काढीत बसत नाहीं. काढली तर ह्या मांडवांत बाहेरून न आलेला माणूस शोधावयास कंदील लागेल.

आतां पाटी उलटून पाहूं, कारण ही दुसरी बाजू सांगितली नाहीं तर मी तुम्हांस फसविलें असें होईल. येणाऱ्यांनीं जमीन पिकविली हें खरें, पण ती रिकामी नव्हती. गोंड होते, ढिवर होते. पाळ बांधतांना टोपलीभर माती डोक्यावर वाहणारांत तेही होते. राजाचा अंमल होता तोंवर रान, मासळी, मोहफूल ह्यांवर त्यांचा वहिवाटीचा हात चाले. मग भोसले आले, इंग्रज आले, आणि १८६० नंतरच्या जमाबंदींत गांवेंच्या गांवें मालगुजारांच्या मालकीचीं म्हणून कागदावर चढलीं. ज्याला कचेरी कळे, कर्ज मिळे, लिहितां येई, त्याचें नांव कागदावर. ज्याला तें येत नसे तो आपल्याच बापाच्या शेतांत नांगऱ्या झाला. मालगुजारांत कोहळी होते, पोवार होते, कुणबी होते, ब्राह्मण होते, मारवाडी होते. गोंडही होते, पण मोजके. धान चौपट झाला असेल, पण ह्या नांगऱ्याच्या पायलीत त्यानें काय भर पडली?

ह्याच ठिकाणीं माझा मुद्दा आहे, म्हणून थोडा थांबतों. बाहेरचीं माणसें आल्यानें मुलखाचें उत्पन्न बहुधा वाढतें. पण वाढलेलें उत्पन्न आपोआप सर्वांच्या ताटांत पडत नाहीं. तें कोणाच्या ताटांत पडावें हें येणारा ठरवीत नाहीं. जमिनीचा कागद, पाण्याची पाळी आणि मजुरीचा दर ज्याच्या हातीं तो ठरवितो. गोंडाला उठविलें तें पाळ घालणाऱ्या परक्याच्या कुदळीनें नव्हे, कागदानें उठविलें. १९५१ सालीं मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि त्यांत आज गाळ किती चढला आहे तें आपण पाहतोंच. मामा तलाव म्हणतात त्यांना, म्हणजे माजी मालगुजारी. मामा उरला तो नांवापुरता.

नंतरचेही पुष्कळ आले. गुजराथेंतून बिडीचे व्यापारी गोंदियाकडे आले, भांडवल घेऊन आले. आपल्या रानांतला तेंदूपत्ता आणि आपल्या बायांचीं बोटें पूर्वीही होतीच. भांडवल आल्यावर त्यांचा धंदा झाला. हजार बिड्यांमागें बाईला काय मिळे आणि किती बिड्या खराब म्हणून बाजूस काढीत, तें आमच्या आज्यांना विचारा. १९६६ सालीं बिडी कामगारांचा कायदा झाला तेव्हां कोठें त्या घरबसल्या मजुरीकडे सरकारनें पाहिलें.

आपल्या शहापुराची गोष्ट तर डोळ्यांसमोरची आहे. १९६० च्या दशकांत जवाहरनगरचा आयुध कारखाना उभा राहिला आणि देशाच्या सगळ्या प्रांतांचे लोक येथें नोकरीस आले. दूध, भाजी, खोलीभाडें, शिंप्याचें दुकान, सायकलीचें दुकान ह्या सर्वांना त्यांच्या पगाराचा पाझर लागला. ज्याच्या घरीं दोन म्हशी होत्या त्याचा मुलगा त्या दुधावर शिकला. हा लाभ झाला तो परप्रांतीयाच्या पगारांतून, हें आपण सोयीस्कर विसरतों. अर्थात् ज्यांचीं शेतें संपादनांत गेलीं त्यांचा हिशेब निराळा आहे, आणि त्यांच्यापुढें मी म्हशीची गोष्ट सांगणार नाहीं.

जुन्या भंडारा जिल्ह्यांत, म्हणजे १९९९ सालीं गोंदिया निराळा झाला त्याच्या पूर्वीं, अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत पूर्व पाकिस्तानांतून निघालेले बंगाली निर्वासित वसले, आणि १९७२ सालीं गोठणगांवाजवळ तिबेटी लोकांची वसाहत झाली. बंगाल्यांची मासळी आणि भाजी आठवडी बाजारांत येऊं लागली. तिबेटी थंडींत स्वेटर विकावयास शहरोशहरीं जातात. आपल्या कोणा विणकराचा धंदा त्यांनीं घेतला नाहीं, कारण तो धंदा येथें नव्हताच. ज्या निर्वासितास जमीन व काम मिळालें तो गांवावर ओझें होत नाहीं, असें ह्या दोन वसाहतींवरून दिसतें.

आतां मजुरीकडे येतों. येथें मात्र "सगळें ठीक होतें" असें म्हणून मी सुटूं इच्छीत नाहीं. जो येतो तो जर माझ्याच हातचें काम करणारा असेल, आणि माझ्यापेक्षां कमी दरानें करील, तर माझा दर दबतो. ह्याचा पुरावा पंजाबांत पाहा. तेथेंही धानाची रोवणी आहे, आणि ती बिहार-उत्तर प्रदेशच्या मजुरांच्या हातीं आहे. २०२० सालीं टाळेबंदींत ते मजूर घरीं गेले. जून उजाडला, रोवणीला माणूस नाहीं. एकरी दर एकदम चढला. गांवच्या मजुरांनीं म्हटलें, "आतां आमचा दिवस." तेव्हां तेथील कित्येक पंचायतींनीं काय केलें? ठराव केले! रोवणीचा दर अमुकच राहील, आणि जो मजूर जास्त मागेल त्यावर बहिष्कार. मागणारे बहुतेक दलित भूमिहीन. इकडे मोठ्या शेतकऱ्यांनीं बिहारास बसगाड्या धाडून जुने मजूर परत आणविले, आणि लाखों एकरांवर यंत्रानें थेट पेरणी करून रोवणीच टाळली.

ह्यांतून दोन गोष्टी ध्यानांत घ्या. बाहेरचा मजूर नसला तर गांवच्या मजुराचा दर चढतो, हें खरें. पण चढलेला दर त्याच्या पदरांत राहूं देतील असा भरंवसा नाहीं. एक तर यंत्र येतें, नाहीं तर पंचायतीचा ठराव येतो. आज जो शेतकरी परप्रांतीयावर बंदी मागणाऱ्या मजुरास टाळी देतो तोच उद्यां आषाढांत त्याचा दर बांधावयास बसेल. मी कोणाचें नांव घेत नाहीं, ज्याचे त्यानें ओळखावें.

विद्वानांतही ह्या प्रश्नावर वाद आहे. १९८० सालीं क्यूबांतून सुमारें सव्वा लाख माणसें होड्यांत बसून अमेरिकेस गेलीं, आणि मायामी शहरांतील कामकऱ्यांची संख्या थोड्या महिन्यांत सुमारें शेंकडा ७ नें वाढली. कार्ड नांवाच्या पंडितानें १९९० सालीं हिशेब मांडून सांगितलें कीं, तेथील मजुरी त्यामुळें पडलेली दिसत नाहीं. नवीं माणसें कामें मागतात तशींच तीं खातात, नेसतात, भाड्यानें राहतात, म्हणून कामेंही वाढतात. पुढें बोर्हास नांवाच्या दुसऱ्या पंडितानें, जो स्वतः क्यूबांतून आलेला, म्हटलें कीं सर्वांची सरासरी पाहूं नका, ज्यांचें शिक्षण सर्वांत कमी त्यांचीच मजुरी पाहा, ती खालीं आली होती. वाद अजून मिटला नाहीं. पण दोघांचें वाचून मला एवढें उमगलें कीं, गांवचा एकंदर फायदा झाला असें कोणी म्हटलें कीं आपण विचारावें, "गांवचा म्हणजे कोणाचा?"

उलट टोकाचा दाखला युगांडाचा. तेथें १९७२ सालीं इदी अमीननें हिंदुस्थानी वंशाच्या लोकांस नव्वद दिवसांत देश सोडावयास लाविलें. दुकानें, गिरण्या, साखरेचे कारखाने शिपायांस व सोयऱ्यांस वांटले. लोकांनीं जल्लोष केला. थोड्याच वर्षांत साखर मिळेनाशी झाली. पुढें दुसरें सरकार आल्यावर त्याच लोकांस "परत या" म्हणून बोलावणीं गेलीं.

तर मग आपल्या वीटभट्टीवरचा मजूर स्वस्त कां पडतो, तें पाहूं. तो कांहीं स्वभावानें स्वस्त नाहीं. पाऊस संपतो, घरांत दाणा कमी असतो, तेव्हां मुकादम त्याच्या गांवीं जाऊन उचल देतो. नवराबायकोची जोडी धरून उचल. ती उचल फिटेपर्यंत त्यानें हजार विटांमागें मिळेल तो दर घ्यावयाचा, भट्टीवर झोपडी घालून राहावयाचें, आजारी पडला तर खाडा. दर पटला नाहीं तर तो भट्टी सोडूं शकत नाहीं, कारण त्याच्या डोक्यावर कर्ज आहे. तुम्ही सोडूं शकतां. म्हणून मालकाला तो आवडतो. तुमचा दर पाडणारी वस्तु ती उचल आहे. मजूर हाकलून दिला आणि उचल राहिली, तर पुढच्या सालीं त्या उचलींत आपल्याच तालुक्यांतला कोणी अडकेल.

आणि आपण कोणाला हाकलावयास निघालों आहोंत? आपल्या जिल्ह्यांतलीं, गोंदिया-गडचिरोली-चंद्रपुराचीं माणसें दर साल मिरची तोडावयास तेलंगणांत जातात. तेथें तीं परदेशी, तेथें त्यांची भाषा निराळी, तेथें त्यांच्यामुळें स्थानिकांचा दर दबतो अशी कुरकूर असणारच. २०२० च्या मार्चांत तीं तेथें अडकलीं, कित्येक रानावनांतून पायीं घरीं आलीं. त्याच दिवसांत आपल्या गांवाजवळच्या ह्या नागपूर-रायपूर सडकेनें छत्तीसगडचे मजूर पोरें खांद्यावर घेऊन चालत गेले. त्यांना पाणी आपणच दिलें. तेव्हां आपल्यांतल्या कोणी त्यांना दर पाडणारे म्हटलें नाहीं.

खर्चाची बाजूही सांगतों, नाहीं तर म्हणाल मास्तर एकाच बाजूनें बोलला. माझ्या शाळेचेंच घ्या. भट्टीवरचीं मुलें दिवाळीनंतर येतात आणि उन्हाळ्यांत जातात. शाळेचा पट मोजतात तीस सप्टेंबरला. म्हणजे तीं मुलें वर्गांत बसतात, भात खातात, पण शिक्षकांच्या हिशेबांत नसतात. एका मास्तरानें तितकीं जास्त मुलें सांभाळावयाचीं, तींही छत्तीसगडी बोलणारीं. पण जीं कुटुंबें राईसमिलवर बारमास राहतात त्यांचीं मुलें तीस सप्टेंबरलाही हजर असतात, आणि आपलीं मुलें इंग्रजी शाळेच्या मोटारींत बसून भंडाऱ्यास गेल्यावर पट टिकला आहे तो ह्या हमालांच्या मुलांवर. नळाचें पाणी, दवाखाना, हागणदारी ह्यांचा भारही गांवावर पडतो. तो पडतो गांवावर आणि नफा जातो भट्टीवाल्याकडे. त्यानें पाण्याची टाकी आणि संडास भट्टीवर कां बांधूं नयेत, हें ग्रामसभेनें विचारावयाचें आहे.

बंदीचा ठराव पास झाला तरी टिकणार नाहीं. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमानें हिंदी नागरिकास देशांत कोठेंही फिरण्याचा, राहण्याचा व धंदा करण्याचा हक्क आहे. त्याच हक्कानें आपला पोरगा पुण्यास कंपनींत आहे. मात्र परप्रांतीय मजुरास स्थानिक मजुरापेक्षां कमी दर देऊं नये, असें १९७९ च्या कायद्यांत सरकारनें लिहून ठेविलें होतें. त्या कायद्याचा विषय पुढें २०२० च्या कामगार संहितेंत घेतला गेला. किमान वेतनाचें तत्त्व तर १९४८ पासून कायद्यांत आहे. भट्टीवर जाऊन हे दर वाचून दाखविणारा कोणी आजवर गेला आहे काय?

मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरीचे, साताऱ्याचे लोक लोटले तेव्हां नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं कोंकणी मजुरास परत धाडा असें म्हटलें नाहीं. १८८४ सालीं त्यांनीं मजुरांची सभा भरविली आणि सर्वांसाठीं मिळून आठवड्याची सुटी मागितली; १८९० सालीं ती मिळाली. रविवारीं जो तो घरीं बसतो तो त्या मागणीनें, तो घाटी असो कीं कोंकणी.

तेव्हां मी बंदीच्या ठरावाऐवजीं दुसरा ठराव लिहून आणिला आहे. भट्टी, मिल आणि रोवणी ह्या तिन्ही कामांचा दर एक, मग मजूर शहापूरचा असो कीं राजनांदगांवचा. येणाऱ्या प्रत्येक मजुराचें नांव, गांव आणि घेतलेली उचल ग्रामपंचायतीच्या वहींत मालकानें आठ दिवसांत लिहून द्यावी. मजुरी मुकादमाच्या हातीं न देतां बाईची बाईच्या व पुरुषाची पुरुषाच्या खात्यांत जावी. सहा ते चौदा वर्षांचें मूल भट्टीवर दिसल्यास मास्तरास कळवावें. मी स्वतः घ्यावयास जाईन. तलावाचा गाळ काढण्याचें काम निघालें तर पहिला हक्क गांवच्या भूमिहीनांचा व ढिवरांचा.

दराचा फळा मराठींत आणि हिंदींत असा दोन्ही भाषांत लिहावा, आणि तो पंचायतीच्या भिंतीवर न लावतां भट्टीच्या तोंडाशीं लावावा. खडू शाळेंतून मिळेल.